उभी पिन, आडवी पिन

मित्रांनो, माझ्या तोंडात चार दात आहेत, दोन वर आणि दोन खाली. तरीही इतक्या वर्षांत मी एकाही माणसाला चावलेलो नाही. दोन बोटांत धरून मला दाबलं की माझे जबडे मिटतात, कागद आणि पिन यांच्या मधल्या फटीत शिरतात आणि रुतून बसलेली पिन अलगद वर येते. एवढंच माझं काम. दुकानात मला पिन रिमूव्हर म्हणतात. ऑफिसात मात्र सगळे नुसतं 'चिमटा' म्हणतात. मी आता जुना झालो आहे. अंगठा टेकतो तिथला माझा तपकिरी रंग पार उडाला आहे आणि स्प्रिंग दाबताना बारीकसा आवाज येतो. पण अजून कामावर आहे, ही देवाची कृपा. ती कृपा कशी झाली, तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यातला. पोलादी पत्र्यावर साचा धाडकन पडला, माझ्या दोन बाजू कापल्या गेल्या, त्या वाकवल्या, मध्ये स्प्रिंग बसवली आणि मला भावंडांसोबत एका खोक्यात घातलं. कुणी शाळेच्या कचेरीत गेलं, कुणी बँकेत. कुणाला कुठे धाडायचं ते वरच्याने ठरवलेलं असतं. मला त्याने एका हिशेबाच्या ऑफिसात धाडलं. खाली चष्म्याचं दुकान, वर तीन खोल्यांचं आमचं ऑफिस. लोकांचे हिशेब तपासायचे आणि वर्षातून एकदा त्यांची कराची विवरणपत्रं भरून द्यायची, हा तिथला उद्योग. ऑफिसच्या मालकीणबाईंना सगळे 'बाई' म्हणत. केस पांढरे, चष्मा जाड, आणि आवाज असा की मागच्या खोलीतला माणूससुद्धा सरळ बसावा.

मी आलो तेव्हा सगळं काम कागदाचं होतं. कराचा हंगाम सुरू झाला की लोक पिशव्या घेऊन जिना चढायचे. बिलं, पावत्या, पगाराचे कागद, बँकेची पानं, सगळं एकमेकांना पिना मारून जखडलेलं. काहींनी तर कागद पळून जातील अशा भीतीने एकाच कोपऱ्यात चार-चार पिना ठोकलेल्या असत. मग माझी पाळी. सकाळी दार उघडल्यापासून माझे जबडे चालू. दारालगतच्या पहिल्या टेबलावर मी राहायचो. त्या टेबलाला 'आवक टेबल' म्हणत, कारण बाहेरून येणारा प्रत्येक कागद आधी तिथे उतरायचा. एकदा बाईंनी मला हातात घेऊन सगळ्यांना दाखवलं होतं आणि म्हणाल्या होत्या, "ऑफिसात न बोलता काम करणारा हा एकटाच आहे." मित्रांनो, ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

त्या टेबलावर एक ताई बसायची. तिला सगळे 'आवकताई' म्हणत. बोलणं इतकं हळू की समोरच्याला मान पुढे करावी लागे. ती नेमाची पक्की होती. सकाळी आली की टेबल पुसायची, आम्हा सगळ्यांना म्हणजे मला, स्टेपलरला, कात्रीला आणि पेन्सिलींना आपापल्या जागी ठेवायची, डोळे मिटून क्षणभर हात जोडायची आणि मगच पहिल्या माणसाला बोलवायची. हंगामात तिचा आणखी एक नेम असे. शेवटचं विवरणपत्र जाईपर्यंत आवाज चढवायचा नाही. कितीही कुणी चिडवो.

आणि चिडवायला एक जण टपलेलाच होता. एक तरुण हिशेबनीस. बोलायला लागला की त्याचं वाक्य संपायचंच नाही, म्हणून बाईंनी त्याचं नाव 'स्वल्पविराम' ठेवलं होतं.

"ताई, आज तरी रागवा हो," तो म्हणायचा, "एकदाच, थोडंसं, माझ्यावरच रागवा, म्हणजे तुमचा नेम मोडेल, मग तुम्हीही आमच्यातल्या एक व्हाल, आणि..."

"तुझं बोलून झालं की सांग," आवकताई कागद सोडवत म्हणायची. "तोवर मी हे गठ्ठे संपवते."

असे ते दिवस होते. मग ऑफिसात एक नवे भागीदार आले. हुशार माणूस. बाईंच्याच हाताखाली शिकून वर आलेला. पण प्रत्येक गोष्ट त्यांना पटकन हवी असायची. "पटकन बघा," "पटकन पाठवा," "पटकन जेवून या." सगळे त्यांना पाठीमागे 'पटकनसाहेब' म्हणत. त्यांनाही ते ठाऊक होतं आणि ते हसून सोडून देत. त्यांनी ऑफिसात मोठा स्कॅनर आणला. गठ्ठा वर ठेवायचा, रूळ कागद आत ओढून घेणार, एकेक पान संगणकात जाणार. काम झपाट्याने होऊ लागलं. साहेब म्हणाले, "आता टेबलांवर पसारा नको." झालं. कागदाला भोकं पाडायचं यंत्र, डिंकाची बाटली, वाळलेली पेनं आणि मी, सगळ्यांची रवानगी पुठ्ठ्याच्या खोक्यात. खोकं कपाटावर. त्या अंधारात मी किती काळ होतो, ते मोजलं नाही. माझ्या दातांना हळूहळू गंज धरला.

इकडे आवकताई नखांनी आणि कात्रीच्या टोकाने पिना काढत राहिली. आणि गेल्या हंगामात ऐन गर्दीत एक तुटकी पिन गठ्ठ्यात राहून गेली. रुळाबरोबर ती आत शिरली आणि स्कॅनरच्या काचेवर ओरखडा उठला. त्यानंतरच्या प्रत्येक पानावर काळी रेघ. आकड्यांतून आरपार. यंत्र दुरुस्तीला गेलं, कामं तुंबली, दोन जुनी गिऱ्हाइकं चिडून दुसरीकडे गेली. आवकताईने एकही सबब सांगितली नाही. "पिन माझ्याच टेबलावरून गेली," एवढंच ती म्हणाली.

यंदा हंगाम तोंडावर आला तेव्हा बाईंनी सगळ्यांना मधल्या खोलीत बसवलं. त्यांची रीतच तशी होती. गर्दी सुरू झाल्यावर धावपळ करायची नाही, जे काही ठरवायचं ते आधी. आणि यंत्रांच्या आधी माणसं. भिंतीवर त्यांनी एक मोठा कागद लावला आणि विचारलं, "हंगामात कुणाच्या घरी काय आहे? लपवाछपवी नको."

कुणाच्या मुलाची परीक्षा होती. कुणाच्या सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. स्वल्पविराम कधी नव्हे तो गप्प बसला होता.

"तुझं काय रे?"

"बाई, बायकोचे दिवस भरत आलेत, म्हणजे नेमकं त्याच आठवड्यात, पण मी बघतो काहीतरी, तिची आई येणार आहे, मी आलोच तर..."

"बाळ काही आपली मुदत बघून येणार नाही," बाई म्हणाल्या. "तुझं काम कोण घेईल ते आज ठरवू. त्या आठवड्यात तू इथे दिसलास तर मी तुला जिन्यावरून खाली पाठवीन."

मग बाकीची तयारी. खालचे चष्मेवाले वर आले आणि त्यांनी सगळ्यांचे डोळे तपासले. खुर्च्यांचे ढिले स्क्रू आवळले गेले. कराचे बदललेले नियम एकेकाने वाचून दाखवायचे, पण बाईंची अट अशी की, "पाठ म्हणू नका. घरी आजीला सांगाल तसं सांगा. आजीला कळलं नाही तर तुम्हालाही कळलेलं नाही." गिऱ्हाइकांना काय काय आणायचं त्याचे निरोप गेले. जेवायची वेळ ठरली आणि ती मोडायची नाही असंही ठरलं.

शेवटी पटकनसाहेब बोलले. "आवक टेबलाचं बघू या. बाहेर एक कंपनी आहे. ते रोज येऊन पिशव्या उचलतील, कागद सुटे करून स्कॅन करतील आणि पटकन आपल्याला पाठवतील. गेल्या वर्षीसारखं पुन्हा झालं तर आपला निभाव लागणार नाही. ताईंना मागच्या खोलीत जुन्या फायली लावायचं काम देऊ."

मागच्या खोलीतल्या फायली हंगामाबरोबर संपणार होत्या. त्यापुढे तिथे कामच नव्हतं. साहेबांच्या मनात काही वाईट नव्हतं, पण आवकताईसाठी त्या बोलण्याचा अर्थ एकच होता, आणि तो तिला कळला.

"साहेब, एक विनंती आहे," ती म्हणाली. सगळ्यांच्या माना पुढे झाल्या. "हंगामाआधी एक तालीम घ्या. तुम्ही सगळे गिऱ्हाईक होऊन या. जेवणाच्या सुट्टीच्या आत सगळे गठ्ठे मी सोडवून स्कॅन करून देईन. यंत्र एकदाही थांबलं किंवा एकही गठ्ठा राहिला, तर मी आपण होऊन मागच्या खोलीत जाईन."

बाईंनी साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "चालेल. सोमवारी."

त्या दिवशी तिने स्टुलावर चढून कपाटावरचं खोकं काढलं. उजेड आत आला तसे माझे डोळे दिपले, असं म्हणायला हवं, पण मला डोळे नाहीत. मला कळली ती बोटांची ऊब. तिने मला बाहेर काढलं, उलटसुलट पाहिलं आणि म्हणाली, "तू इथे आहेस होय." मग तेलाचा थेंब स्प्रिंगमध्ये सोडला, बारीक पॉलिश कागदाने माझे दात घासले. गंज गेला. तिने एक जाड गठ्ठा घेऊन पिन काढून पाहिली. एका दाबात आली. मित्रांनो, त्या क्षणी मी मनाशी ठरवलं की आता माझ्यामुळे या ताईची मान खाली जाणार नाही.

सोमवार उजाडला. ऑफिसातली माणसं गिऱ्हाईक बनून जिन्यावरून ओळीने वर आली. हिशेबनीसांनी नाटक करायचं म्हटल्यावर काय होतं, ते तुम्ही पाहायला हवं होतं. एकाने टोपी घातली होती. स्वल्पविराम शाल गुंडाळून खोकत आला.

"ओ ताई, आमचं काय खरं नाही, कागद सगळे एकमेकांत गेलेत, बायको म्हणते टाकून द्या, मी म्हणतो..."

"बसा आजोबा," आवकताई गंभीरपणे म्हणाली. "पिशवी द्या."

त्याने पिशवी दिली. तिने गठ्ठे बाहेर काढले आणि ती पाहतच राहिली. प्रत्येक गठ्ठा तारखेप्रमाणे लावलेला. प्रत्येकाला डाव्या कोपऱ्यात एक पिन, सरळ, एकाच अंतरावर. सगळ्यांत खाली एक पाकीट होतं. त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं, 'किरकोळ गोंधळ'. आणि तो गोंधळही महिन्यांनुसार लावलेला.

दुसऱ्याने पानं मुद्दाम चुरगळून आणली होती, पण चुरगळल्यावर त्याला राहवलं नसावं. त्याने ती परत सपाट करून त्यांना आकडे घातले होते. तिसरीने पिशवीत रबरबँड टाकले होते, पण रंगांप्रमाणे.

माझे दात नुसते वाऱ्यासारखे चालले. यंत्र एकदाही थांबलं नाही. जेवणाच्या सुट्टीला बराच वेळ होता आणि टेबल रिकामं झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पटकनसाहेब पुढे आले. मोकळ्या मनाचा माणूस. म्हणाले, "ताई, जिंकलात. टेबल राहील. मी त्या कंपनीला पटकन कळवतो."

मला वाटलं, झालं. आता मी परत खोक्यात जात नाही. मी आनंदाने मिटून पडलो होतो. आणि आवकताई म्हणाली, "नको साहेब. ही तालीम खरी नाही."

"म्हणजे?"

"हे कागद आपण आणलेत. आपल्याकडे येतात ते असे नसतात. आपल्याला गबाळेपणा जमतच नाही. बघा ना, याने गोंधळावरसुद्धा लेबल लावलंय."

सगळे हसले. स्वल्पविराम मात्र कळवळला. "ताई, तुम्ही जिंकलात, देवाने ताट वाढून दिलंय, आणि तुम्ही म्हणता मीठ कमी आहे, अहो घ्या की, कोण विचारतंय..."

"हंगाम विचारील," ती म्हणाली. "तेव्हा यंत्र अडलं तर आज मिळालेलं टेबल मी कुठल्या तोंडाने ठेवू?"

बाईंनी विचारलं, "मग काय करू या?"

"प्रत्येकाने घरचं एक माणूस बोलवा. ज्याला हिशेबाचा कंटाळा आहे असं. कागद जसे असतील तसे आणू द्यात. त्यांना हातही लावू नका. अट तीच."

मित्रांनो, खरं सांगतो, मला तिचा राग आला होता. हाती आलेलं कुणी असं परत करतं का? पण मला पुसताना ती तोच दात पुन्हा पुन्हा पुसत होती, हेही मला कळलं. तिलाही भीती वाटत होती. भीती वाटत असूनही जे खरं ते धरून राहायचं, यालाच ती नेम म्हणत असावी.

गुरुवारी दुसरी तालीम झाली. या वेळी जिन्यावर नाटक नव्हतं. आधी स्वल्पविरामची मेहुणी आली. तिने पर्स टेबलावर उपडी केली. बिलांबरोबर केसांची पिन, चॉकलेटचा कागद आणि किल्लीही पडली.

"अगंबाई, ही किल्ली इथे होय," ती म्हणाली. "आमच्या भावजींना आठवडाभर दोष देत होते."

मग बाईंचे थोरले भाऊ आले. ते दुकानांच्या पाट्या रंगवत. त्यांचे कागद रंगाच्या रिकाम्या डब्यात होते आणि निम्मे एकमेकांना चिकटले होते. बाई आपल्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. दादा त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "ताई, आमच्या बहिणीला सांगू नका. तिला वाटतं मी फायली ठेवतो."

"मी ऐकतेय दादा," बाई म्हणाल्या.

"मग ऐक. मला काय भीती आहे?" असं म्हणून त्यांनी डबा थोडा आपल्या मागे सरकवला.

आवकताई हसत नव्हती की घाईही करत नव्हती. चिकटलेली पानं तिने पातळ पट्टी घालून सोडवली. तुटक्या पिना, वाकड्या पिना, पानाच्या ऐन मध्यात मारलेल्या पिना, सगळ्या मी उचलल्या. सोडवलेल्या प्रत्येक पानावरून ती तळहात फिरवायची, मगच ते पान यंत्रावर जायचं. यंत्र चालू होतं. वेळ मात्र झरझर चालला होता.

मग एक उंच, वाकलेले म्हातारे गृहस्थ आले. हातात औषधांच्या दुकानाची कागदी पिशवी. सोबत पटकनसाहेब. ते गृहस्थ साहेबांचे वडील होते. साहेबांच्या आईला जाऊन वर्ष होत आलं होतं, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं.

"ताई, हे बाबांचे कागद. बरेचसे आईच्या आजारपणातले आहेत. पटकन होतील."

आवकताईने पिशवीतून पहिला गठ्ठा काढला आणि मला उचललं. म्हाताऱ्यांनी आपला पंजा गठ्ठ्यावर ठेवला.

"पिन काढू नका."

"बाबा, त्याशिवाय स्कॅन होत नाही," साहेब म्हणाले.

"तिने मारलीय ती."

"बाबा, आई आता..."

"मला माहीत आहे रे ती नाही ते. मी पिनेबद्दल बोलतोय."

साहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मागे अजून दोघं-तिघं बसले होते. मी आवकताईच्या बोटांत होतो. तिने मला हळूच खाली ठेवलं. मला वाटलं, आता सगळं संपलं.

"आजोबा," ती म्हणाली, "आजी कशा मारायच्या पिना?"

म्हाताऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं. बहुतेक आजवर कुणी त्यांना हे विचारलंच नव्हतं. त्यांनी पंजा उचलला, दोन बिलं शेजारी शेजारी ठेवली आणि बोट दाखवलं. "ही बघा. ही उभी पिन. विमावाल्यांनी हे पैसे परत दिले, विषय संपला. आणि ही आडवी. म्हणजे अजून उत्तर नाही. अंथरुणावर बसून लावायची. मी म्हणायचो, अगं पडून राहा. म्हणायची, मी गेल्यावर तुम्ही सगळं एकत्र कालवून ठेवाल." त्यांनी बिलाचा कोपरा सरळ केला. "कालवलं नाही मी. जसं होतं तसं ठेवलंय."

साहेब वाकून बघत होते. तीच बिलं त्यांनी घरी कितीदा हाताळली असतील. पिना उभ्या आहेत की आडव्या, हे त्यांच्या डोळ्यांना कधी दिसलंच नव्हतं.

आता मित्रांनो, हे नीट समजून घ्या, कारण सगळी गोष्ट इथेच आहे. विम्याने जे पैसे परत दिले त्यांच्यावर करात सवलत मागता येत नाही. मागितली तर ते खोटं ठरतं. जे अजून परत आलेले नाहीत त्यांचं वेगळं विचारावं लागतं. पिना काढून सगळी बिलं एका ढिगात टाकली असती, तर कोणतं कुठलं हे सांगणारं जगात कुणी उरलं नसतं.

आवकताईने दोन कप्पे केले. प्रत्येक बिलाच्या मागे पेन्सिलीने बारीक खूण केली. उभ्या पिनेला उभी रेघ, आडवीला आडवी. एकेक बिल आजोबांना दाखवून. मग मला त्यांच्यापुढे धरलं. "उभ्या पिनांचं काम झालंय ना? त्या तुम्हीच काढा."

त्यांच्या बोटांत जोर नव्हता. पहिल्यांदा मी घसरलो. दुसऱ्यांदा माझे दात पिनेखाली गेले आणि मी जिवाच्या आकांताने धरून राहिलो. पिन आली. कागदाचा एक तंतूही तुटला नाही. त्यांनी ती पिन तळहातावर घेऊन पाहिली आणि शर्टाच्या खिशात टाकली.

आडव्या पिना तिने काढल्याच नाहीत. ती बिलं रुळातून घालायच्या ऐवजी तिने झाकण उघडून काचेवर ठेवली, एकेक पान उलटत, हाताने. याला वेळ लागला. खूप लागला. जेवणाची सुट्टी झाली तेव्हा दोन माणसं अजून बाकावर बसलेली होती, आणि मेहुणी त्यांना आपली किल्ली कशी सापडली ते सांगत होती.

आवकताई उठली. "यंत्र थांबलं नाही," ती म्हणाली, "पण गठ्ठे राहिले. अट मोडली. मी सोमवारपासून मागच्या खोलीत बसते." आवाज नेहमीसारखाच, हळू. तिने मला आणि पेन्सिलींना गोळा करायला सुरुवात केली.

"थांबा ताई," पटकनसाहेब म्हणाले. ते वडिलांच्या शेजारच्या खुर्चीत बसले होते. "तुम्ही विचारलं नसतं तर काय झालं असतं?"

"सगळं एकाच ढिगात गेलं असतं."

"आणि बाबांचं विवरणपत्र मी चुकीचं भरलं असतं."

"चुकीचं, आणि पटकन," बाई दारातून म्हणाल्या.

साहेब हसले, पण त्यांनी मान खाली घातली होती. मग ते उठून त्या भिंतीवरच्या मोठ्या कागदापाशी गेले. बाईंशी हलक्या आवाजात काही बोलले. बाईंनी मान हलवली. साहेब सगळ्यांकडे वळले. "कंपन्यांच्या फायली आधीच लावलेल्या असतात. त्या बाहेरच्या लोकांना देऊ. घरगुती माणसांच्या पिशव्या ताईंच्या टेबलावर उतरतील. रोज ठराविकच माणसं बोलवायची. आणि यंत्रावर दुसरं कुणीतरी बसेल, म्हणजे ताईंना माणसांशी बोलता येईल."

"यंत्रावर कोण?" स्वल्पविरामने विचारलं. "म्हणजे मी बसलो असतो, पण माझं तर बाळ..."

"सकाळी पहिला तासभर मी बसेन," साहेब म्हणाले.

आवकताईने मला परत टेबलावर ठेवलं, माझ्या जागी, आणि बाकावरच्या माणसाला म्हणाली, "या, आधी जेवून घेऊ. मग तुमचं बघू."

हंगाम आला आणि आला तसा सगळ्यांना पुरून उरला. पिशव्या आल्या, डबे आले, एक जण तर उशीच्या अभ्र्यात कागद घेऊन आला. स्वल्पविरामला मुलगी झाली आणि तो खरोखरच आठवडाभर दिसला नाही. साहेब रोज सकाळी यंत्रावर बसत आणि ताईचं बोलणं ऐकत. "ही इथे का जोडली आहे?" "हे दोन कागद एकत्र कुणी ठेवले?" प्रत्येक पिशवीमागे तिचं हेच विचारणं. काहींना त्याचं उत्तर माहीत नसायचं. काहींना असायचं, आणि मग ते खुर्चीत जरा सावरून बसायचे.

मुदत संपत आली होती तेव्हा एका दुपारी आजोबा पुन्हा जिना चढून आले. विमावाल्यांचं शेवटचं उत्तर आलं होतं. पैसे मिळणार नव्हते. पण उत्तर आलं होतं.

"आता हिचं झालं," ते म्हणाले आणि त्यांनी शेवटचं आडव्या पिनेचं बिल पुढे केलं.

ती पिन मी काढली. मग आवकताईने स्टेपलर त्यांच्या हातात दिला. त्यांनी बिल आणि उत्तर कोपऱ्याला कोपरा लावून जुळवलं, दोनदा तपासलं, आणि पिन मारली. उभी. यंत्रावर बसलेल्या साहेबांनी ते पाहिलं. त्यांनी यंत्र बंद केलं आणि वडिलांना जिन्यापर्यंत सोडायला गेले. बराच वेळ परत आले नाहीत, आणि कुणी त्यांना बोलवलंही नाही.

मित्रांनो, माझा जन्म सोडवण्यासाठी आहे. म्हणून तुमच्याकडे माझी एवढीच प्रार्थना आहे. कागद असो, दोरा असो की खेळण्याची गाठ, कुणीतरी ते मन लावून बांधलेलं असतं. ते हिसकून तोडू नका. हाताशी माझ्यासारखं एखादं जुनं अवजार असेल तर त्याला तेलाचा थेंब द्या आणि ते कामाला घ्या. आणि ज्याने बांधलं तो समोर असेल, किंवा त्याचं कुणी समोर असेल, तर हात लावण्याआधी त्याला विचारा. विचारायला वेळ लागतो. तो लागू द्या.

दारात कुणीतरी आलं आहे. पिशवी जड दिसते. आवकताईचे हात जोडून झाले, आता ती मला उचलेल.